पाचांत सहावा

शनिवारी दुपारी कपड्यांच्या घड्या घालताना मी टीव्ही नुसता सोबतीला लावते. नॉर्थ कॅरोलायनात, केरीसारख्या गावात राहून बास्केटबॉल टाळता येत नाही. मार्चचा पहिला आठवडा होता. चॅपल हिलच्या युनिव्हर्सिटीचा घरच्या मैदानावरचा शेवटचा सामना, म्हणजे सीनियर डे. शेवटच्या वर्षाची मुलं आई-बाबांना घेऊन एकेक करून कोर्टवर येत होती. एक आई पोराच्या जेमतेम कोपराला लागत होती. फोटो काढायच्या आधी तिचा हात सवयीने त्याची कॉलर सारखी करायला गेला. जर्सीला कुठली आलीय कॉलर!

मग सामना सुरू झाला, आणि पहिल्या पाचांत हाच मुलगा. एरवी हा बाकाच्या टोकाला बसून टॉवेल हलवतो.

ही रीत डीन स्मिथची. १९६१ पासून १९९७ पर्यंत इथले प्रशिक्षक. सीनियर डेला शेवटच्या वर्षाचा प्रत्येक जण सुरुवातीला खेळणार, मग तो हिरो असो की राखीव. एका वर्षी असे सहा जण निघाले. नियमाने कोर्टवर पाच. स्मिथसरांनी सहाही उतरवले, टेक्निकल फाउल पत्करला, पण एकाला वगळलं नाही. गंमत म्हणजे खुद्द मायकेल जॉर्डनच्या वाट्याला हा दिवस आलाच नाही. कॉलेजच्या चार वर्षांतलं तिसरं संपवून १९८४ मध्ये तो एनबीएत, म्हणजे व्यावसायिक बास्केटबॉलमध्ये गेला. हल्ली तर ट्रान्सफर पोर्टलमुळे पोरं वर्षावर्षाला कॉलेज बदलतात. निरोप कुणाचा आणि कुणी द्यायचा, असाच प्रश्न पडतो.

आमच्या शाळेच्या खो-खो संघात आम्ही बारा जणी होतो. मैदानात नऊ. उरलेल्या तिघींतली मी तिसरी, म्हणजे आधीच्या दोघींचे पाय मुरगळले तर माझा नंबर. ते कधी मुरगळले नाहीत. (मी देवाला सांगून पाहिलं होतं, खोटं कशाला बोलू.) पण मला काम होतं. पाळी सुरू व्हायच्या आधी पोरी बांगड्या, कानातली, पैंजण काढून माझ्या रुमालात टाकायच्या. रुमालाला गाठ मारून तो मुठीत धरून मी चुन्याच्या रेघेबाहेर उकिडवी बसायचे. कुणाचे रिंग, कुणाचे खडे, कुणाच्या कानातली नुसती कडुनिंबाची काडी. सामना संपला की घामेजलेले हात पुढे यायचे आणि मी न बघता ज्याचं त्याला द्यायचे.

दहावीच्या निरोप समारंभात सरांनी संघाला स्टेजवर बोलावलं. गुलाबाची फुलं नऊच आणलेली. सर वाईट नव्हते, हिशोबाचे पक्के होते. फोटोत मी आहे, उजव्या कडेला, अर्धी. राहिलेली अर्धी फोटोग्राफरने फ्रेमबाहेर ठेवली. तेव्हा काही वाटलं नव्हतं, असं मी बरीच वर्षं सांगत आले.

स्मिथसर २०१५ मध्ये गेले. मृत्युपत्रात त्यांनी आपल्या जवळपास १८० माजी खेळाडूंना प्रत्येकी २०० डॉलर ठेवले होते, बाहेर छान जेवा म्हणून. जॉर्डनलाही दोनशे आणि टॉवेलवाल्यालाही दोनशेच. जॉर्डनने त्याचं काय केलं असेल कोण जाणे.

हे सगळं त्या रात्री मी शाळेच्या ग्रुपवर लिहून टाकलं. नेहमीसारखे अंगठे आले, एक-दोन फुलं आली. मग आमच्या कॅप्टनचा वेगळा मेसेज आला. "बाई गं, जिल्ह्याच्या फायनलला माझी एक मोत्याची कुडी हरवली होती. आईने केवढं मारलं होतं. तुझ्या रुमालात नव्हती ना राहिली?"

राहिली होती. अजून आहे.