बाहेरच्या माणसाला सर्व्हरवर एकच फोल्डर देताना: माझा अनुभव

आमच्या छापखान्यातला सर्व्हर मी सांभाळतो. दिवाळी अंकाच्या वेळी बाहेरच्या एका डिझायनर ताईंना पानं चढवायला एसएफटीपीचं (सर्व्हरवर सुरक्षितपणे फाइली ने-आण करण्याची पद्धत) खातं काढलं. होम फोल्डर, म्हणजे खात्याचा स्वतःचा फोल्डर, दिला म्हणजे त्या तेवढ्यातच राहतील, अशी माझी समजूत होती. पासवर्ड कळवण्याआधी त्यांच्याच खात्याने फाइलझिला या फाइली चढवण्याच्या प्रोग्राममधून आत शिरलो आणि सगळ्यात वरच्या दोन टिंबांवर क्लिक केलं. एक पायरी वर आलो, तर समोर हिशेब बघणाऱ्या काकांचा फोल्डर. आत पगारपत्रकं, कामगारांचे आधार क्रमांक, बँक खाती. सगळं उघडत होतं. पोटात गोळाच आला. ही माणसं रोज माझ्यासोबत डबा खातात.

सर्व्हरवर उबुंटू २०.०४ ही लिनक्स प्रणाली होती. त्यात होम फोल्डर ७५५ परवानगीने तयार होतो, म्हणजे इतरांना वाचायला मोकळा. २१.०४ पासून नव्या खात्यांसाठी तो ७५० झाला, म्हणजे इतरांना बंद. काकांचा फोल्डर लगेच ७०० केला, म्हणजे फक्त त्यांनाच उघडेल असा. पण एकेक दार लावत बसण्यात अर्थ नव्हता. ताईंना आपल्या खोलीबाहेरचं काही दिसायलाच नको होतं.

म्हणून क्रूट करायचं ठरवलं, म्हणजे त्या खात्याला एकच फोल्डर हाच अख्खा सर्व्हर वाटेल असं बांधून टाकायचं. एसएसएचडीच्या (बाहेरून येणारी लॉगिनं सांभाळणारी सर्व्हिस) कॉन्फिग फाइलमध्ये अगदी शेवटी त्यांच्या खात्यापुरता मॅच विभाग लिहिला. शेवटीच, कारण मॅचखालच्या ओळी पुढचा मॅच येईपर्यंत त्याच खात्याला लागू होतात. क्रूट डिरेक्टरी दिली, इंटर्नल-एसएफटीपीची सक्ती केली म्हणजे फक्त फाइलींची ने-आण करता येईल, आणि पोर्ट फॉरवर्डिंग, म्हणजे सर्व्हरमार्गे दुसरीकडे जोडणी करणं, बंद केलं. फाइल तपासून घेतली आणि माझं चालू सेशन तसंच उघडं ठेवून सर्व्हिस रीस्टार्ट केली. काही चुकलं असतं तर परत आत जायला तेवढीच वाट होती.

पासवर्ड बरोबर लागायचा आणि पुढच्या क्षणी कनेक्शन तुटायचं. दोन तास मी पासवर्डच बदलत बसलो. शेवटी ऑथ लॉग, म्हणजे लॉगिनच्या नोंदींची फाइल, उघडला. त्यात स्वच्छ लिहिलं होतं की क्रूट फोल्डरची मालकी किंवा परवानगी चुकीची आहे. तो फोल्डर मी ताईंच्या मालकीचा केला होता. क्रूटचा फोल्डर आणि त्याच्या वरचा प्रत्येक फोल्डर रूटच्याच (सर्व्हरचं सर्वाधिकारी खातं) मालकीचा लागतो, दुसऱ्या कोणाला तिथे लिहिता येता कामा नये. नियम योग्यच आहे. तिथे लिहिता आलं तर कोणी आपल्या सोयीच्या सिस्टिम फाइली मांडून मोठ्या अधिकाराच्या प्रोग्रामला फसवू शकतो.

मालकी रूटला दिली, परवानगी ७५५ केली. लॉगिन झालं, पण आता फाइल चढेना. मग आत ‘पानं’ नावाचा फोल्डर केला आणि तेवढाच ताईंच्या नावावर केला.

ताईंना जुन्या लोगोंचा फोल्डरही हवा होता, पण त्याची सिमलिंक (दुसरीकडच्या फोल्डरकडे बोट दाखवणारा शॉर्टकट) चालली नाही, कारण क्रूटच्या आतून बाहेरचा रस्ताच सापडत नाही. तिथे बाइंड माउंट केला, म्हणजे तोच फोल्डर आतही जोडून दाखवला, फक्त वाचण्यापुरता, आणि सर्व्हर पुन्हा सुरू झाल्यावरही तो जोडला जावा म्हणून एफएसटॅब या फाइलमध्ये ओळ घातली.

संध्याकाळी ताईंचा फोन आला. “दादा, मला दोनच फोल्डर दिसतायत, बरोबर आहे ना?”

“बरोबर आहे,” म्हटलं. “पानं चढवा.”