छातीत रक्त, आणि टीपीएला हवी एमएलसी

माझ्या धाकट्या भावाचं फुप्फुस बसल्याबसल्या फुटलं आणि छातीत रक्त साचलं. कुठे पडला नाही, मार लागला नाही. उंच, सडपातळ तरुणांच्या फुप्फुसाच्या टोकाला कधीकधी बारीक फुगे असतात. त्यातला एखादा फुटून फुप्फुस आक्रसतं, आणि त्या ताणाने छातीच्या भिंतीला चिकटलेली एखादी रक्तवाहिनी तुटली तर ती वाहत राहते. सर्जननी हे कागदावर चित्र काढून समजावलं. छातीत नळी टाकली तरी तिला जोडलेल्या बाटलीत रक्त येणं थांबेना, तेव्हा दुर्बिणीतून ऑपरेशन ठरलं.

अडलं ते विम्याच्या कॅशलेसपाशी. टीपीएकडून, म्हणजे विमा कंपनीच्या वतीने क्लेम हाताळणाऱ्या संस्थेकडून, क्वेरी आली: छातीत रक्त आहे म्हणजे अपघात, एमएलसीची (अपघात-मारहाणीच्या केसची हॉस्पिटल पोलिसांसाठी करतं ती नोंद) प्रत जोडा. मारच नाही तर एमएलसी होणार कुठून? डेस्कवरच्या मुलीने तसं कळवलं, तर पुन्हा तीच क्वेरी. आत भावाला रक्त चढवत होते आणि बाहेर मला डिपॉझिट भरायला सांगत होते. केसपेपर कोणी वाचलाच नव्हता, याचा संताप अजून जात नाही. सर्जन मात्र म्हणाले, "ताई, मी अप्रूव्हलसाठी थांबणार नाही," आणि त्याला आत घेतलं. त्यांनीच लेटरहेडवर लिहून दिलं की हे आपोआप झालंय, इजा नाही. ते पत्र आणि सीटीचा रिपोर्ट जोडून मी टीपीएला फोनवर ठणकावलं: विमा नियामक आयआरडीएआयच्या 2024 च्या परिपत्रकाप्रमाणे कॅशलेसचा निर्णय 1 तासात द्यायचा असतो. मग अप्रूव्हल आलं. म्हणून सांगते, 'मार नाही, आपोआप' हे शब्द पहिल्याच केसपेपरवर लिहून घ्या.

ऑपरेशनमध्ये गोठलेलं रक्त काढलं, वाहिनी बंद केली, फुग्यांचा भाग स्टेपल करून कापला आणि फुप्फुस छातीला चिकटून राहावं म्हणून आतलं आवरण खरवडलं.

हो, नळीची बाटली कायम छातीच्या खाली ठेवा, पेशंटला एक्स-रेला नेतानासुद्धा. वॉर्डबॉय घाईत ती पलंगावर ठेवतात, तिथे मी दरवेळी टोकलं. डिस्चार्जच्या अंतिम मंजुरीला मर्यादा 3 तासांची आहे. त्यापुढे उशीर झाला तर वाढीव बिल विमा कंपनीने सोसायचं असतं, हे आधीच डेस्कवर बोलून ठेवा.

सिगारेट बंद. विमानप्रवास सर्जन सांगतील तेव्हाच. स्कूबा मात्र त्याला कायमचं मना केलंय, म्हणून तारकर्लीचं बुकिंग रद्द केलं.