यशवंत सागरचे सारस आणि मामाचा अंदाज

इंदूरात राहून सारस पाहिलाच नाही असं कुणी म्हणालं की मला खरंच वाईट वाटतं, कारण गाडीने तासाभरात यशवंत सागर येतो. गंभीर नदीवरचं होळकरांच्या काळातलं धरण, पावसाळ्यात सायफन (जादा पाणी आपोआप बाहेर सोडणाऱ्या वाटा) चालले की लोक गाड्या भरभरून बघायला जातात आणि थंडीत, जेव्हा खरी मजा असते, तेव्हा काठावर चिटपाखरू नसतं (म्हणजे माणसांपैकी, पाखरं भरपूर). 2022 साली हा तलाव आणि आपला सिरपूर, दोन्ही रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत आले, एका शहराला असं भाग्य कुठे मिळतं हो!

जानेवारीत मामाबरोबर गेले. पोहे-जिलबी परतताना खायची असं आधीच ठरवलं होतं, कारण ते खाऊन निघालं की कोवळं ऊन गेलंच समजा. हातोदच्या पुढे धुकं इतकं की समोरचा ट्रॅक्टर हॉर्नवरून कळत होता. पोचलो तेव्हा नुकतं उजाडलं होतं, पाणी मागे सरकलेलं, मोकळ्या झालेल्या काळ्या मातीत गहू हिरवागार आणि गव्हाच्या कडेला चिखलात सारसांची जोडी, चांगले पाच-साडेपाच फूट उंच, माणसासारखे उभे.

मी लगेच लेन्स लावून खटखट सुरू करणार तर मामा म्हणाला, "थांब गं, माना खाली आहेत त्यांच्या, आत्ता काय मिळणार तुला? आधी बघ तरी."

मामा स्वतः फोटो काढत नाही, त्याच्याकडे फक्त जुनी दुर्बीण. पण त्याचं बघणं असं की मी बघतच राहते. सारस चिखलात चोच डोळ्यांपर्यंत खुपसतो, दोन-तीनदा हलवतो, मग कंद ओढून काढतो आणि मान वर करतो तेव्हा चोचीच्या टोकाला चिखलाचा थेंब लोंबत असतो. एक खात असताना दुसरा मान वर करून पहारा देतो, मग अदलाबदल. मामा म्हणाला की हे असं चालू आहे तोवर निवांत चहा पी, दोघांच्या माना एकदम वर गेल्या की मात्र कप खाली ठेव. उडायचं असेल तर ते वाऱ्याकडे तोंड करतात, मान पुढे ताणतात, अंग पुढे झुकतं आणि मग पळायला लागतात. शेजारच्या शेतातला दादा पाण्याची मोटर बंद करून आला, एक नजर टाकली आणि मामाला म्हणाला, "अभी नी उड़ेंगे भिया, अभी तो खा रे हैं." दोघांचं एकमत!

लोक याला सिक्स्थ सेन्स वगैरे म्हणतात. मला नाही वाटत तसं. त्या शेतकरी दादाने हे पक्षी लहानपणापासून रोज बघितलेत, त्याला कारण सांगता येणार नाही कदाचित पण त्याच्या डोळ्याला माहितीये. आणि हे कामाचं आहे, कारण डोळ्याने बघून बोटाने बटण दाबेपर्यंत साधारण पाव सेकंद जातो, तेवढ्यात पंख वरून खाली आलेला असतो. आता नव्या कॅमेऱ्यांमध्ये प्री-कॅप्चर असतं, बटण दाबण्याच्या आधीचा अर्धा सेकंदही साठवून ठेवतं, चांगलीच सोय आहे, मी वापरते. पण कॅमेरा कुठे रोखायचा आणि कधी, ते त्याला कुठे कळतं?

ऊन जरा वर आलं, धुकं विरळ झालं, आणि दोघांच्या माना वर गेल्या. मी एक्स्पोजर थोडं कमी केलं, कारण मागून उजेड आणि मानेचा लाल रंग जळून जातो, शटर एक बाय दोन हजारवर (सेकंदाचा दोन हजारावा भाग) होतंच. दोघं सरकत सरकत जवळ आले, उडायचं काही लक्षण नाही, वाऱ्याकडे तोंडही नाही. मला आतून वाटलं की आता हे ओरडणार, आणि आवाज यायच्या आधी माझं बोट दाबलेलं होतं. नराने पंख पाठीवर उचलले, चोच सरळ आभाळाकडे, त्याची एक लांब हाक आणि तिच्या दोन आखूड, परत एक लांब, परत दोन. पलीकडच्या काठापर्यंत घुमत होतं. नराच्या चोचीतून निघालेली वाफ फोटोत दिसतेय, सोनेरी, मला तो फोटो किती आवडलाय काय सांगू.

पोहे खाताना मामाचा पुढचा बेत सुरू झाला, पावसाळ्यात परत यायचं, तेव्हा त्यांची घरटी असतात उथळ पाण्यात, गवत-काड्यांचा मोठा ढीग आणि वर बहुतेक दोन अंडी. मी म्हटलं यायचं, पण रस्त्यावरूनच बघायचं, कारण आपण जवळ गेलो आणि जोडी उठली की कावळ्यांना अंडी मोकळीच सापडतात. मामा म्हणाला, "मग तुझी ती मोठी लेन्स कशाला आहे?"