रोजनिशी: रिकाम्या वर्तुळाची खोली

गॅमा किरण स्फोट म्हणजे गॅमा किरणांची अल्पकाळची प्रखर झळक. तिच्या जागी दिसलेला बिंदू खरंच नवा आहे का, हे ठरवायला ती जागा जुन्या आकाश-सर्वेक्षणाच्या चित्रात उघडायची; बहुतेक वेळा तिथे काहीच दिसत नाही. कडेला चार-दोन अंधुक तारे, मधल्या वर्तुळात, म्हणजे स्फोट जिथे कुठेतरी झाला असेल तेवढ्या भागात, नुसता करडा गोंगाट. पण हे ‘काहीच नाही’ कुठपर्यंत खरं, ते आकड्यात सांगता आलं पाहिजे. आज मन त्यावरच अडून बसलं आहे. २० व्या प्रतीपर्यंत (प्रत म्हणजे तेजाचं माप; आकडा मोठा तितकं अंधुक) रिकामं आणि २४ व्या प्रतीपर्यंत रिकामं, यांत प्रकाशाचा जवळजवळ ४० पट फरक आहे. नुसतं ‘जुन्या चित्रात स्रोत नाही’ असं लिहिलेली नोंद म्हणून मला अपुरी वाटते.

आधी जागेबद्दल. स्विफ्ट उपग्रहाचं बॅट हे उपकरण पहिल्या काही सेकंदांत साधारण ३ कला (कला म्हणजे अंशाचा साठावा भाग) त्रिज्येचं वर्तुळ देतं. तेवढ्या क्षेत्रात २२ व्या प्रतीपेक्षा तेजस्वी अशा शंभरेक दीर्घिका सहज असतात, त्यामुळे त्यांतली एक निवडून बोट ठेवण्यात अर्थ नसतो. त्याच उपग्रहाच्या क्ष-किरण दुर्बिणीची सुधारित जागा २ विकलांच्या (विकला म्हणजे कलेचा साठावा भाग) आसपास येते, तेव्हा वर्तुळात अपेक्षित दीर्घिकांची संख्या ०.०१३ वर उतरते. खरं काम तिथून सुरू होतं. फर्मी उपग्रहाच्या जीबीएम उपकरणाची जागा कित्येक अंशांची असते. तिच्यासाठी जुनी चित्रं उघडायची ती फक्त नव्याने सापडलेला एखादा उमेदवार तपासायला.

अक्षांश-रेखांशासारखे हे आकडे भरताना चुका ठरलेल्या असतात. विषुवांश (आकाशातला रेखांश) तासांत आहे की अंशांत, हे न पाहता भरला की जागा १५ पट चुकते. क्रांती (आकाशातला अक्षांश) −००° ३०′ असेल तर ‘उणे शून्य’ वाचताना चिन्ह गळतं आणि आपण एक अंश उत्तरेला जाऊन पोचतो. १९७०-८० च्या दशकांतल्या स्फोटांच्या जागा १९५० च्या संपातानुसार, म्हणजे त्या वर्षाच्या आकाश-जाळ्यावर, छापलेल्या असतात. त्या २००० च्या मानून चालवल्या तर परांचन गतीमुळे (पृथ्वीचा अक्ष हळूहळू फिरत असल्याने) सुमारे ०.७ अंश चूक होते. चित्र येतं, तारेही दिसतात, म्हणून संशय येत नाही. वर्तुळ लावण्याआधी शेजारचा एखादा तेजस्वी तारा सूचीशी जुळवून घ्यायचा, एवढा एक मिनिटाचा उपाय आहे.

मग चित्रं. क्ष-किरण जागेसाठी ५ कलांचा चौकोन पुरतो. त्याहून लहान घेतला तर जुळवायला तारे उरत नाहीत. सर्वांत जुना थर पालोमारच्या ४८ इंची श्मिट दुर्बिणीचा, १९५० च्या दशकातल्या काचेच्या प्लेटांचा. त्यावर १९८०-९० च्या दशकांतला दुसरा पालोमार थर, आणि दक्षिणेसाठी सायडिंग स्प्रिंगच्या यूके श्मिटचा. हे सगळं स्कॅन होऊन डीएसएस या डिजिटल संग्रहात आहे. दुसऱ्या थराची तांबडी प्लेट २० ते २१ व्या प्रतीपर्यंत पोचते. स्लोन सर्वेक्षण २२ च्या थोडं पुढे जातं, पण आकाशाचा सुमारे तिसरा हिस्साच झाकतं. क्रांती −३०° च्या उत्तरेला पॅन-स्टार्स सर्वेक्षणाचं एकत्रित चित्र तांबड्यात २३.२ पर्यंत जातं. लेगसी सर्वेक्षण जिथे आहे तिथे आणखी थोडं खोल.

पॅन-स्टार्सच्या चित्राबद्दल एक इशारा इथेच लिहून ठेवतो. ते अनेक वर्षांच्या एकेका चित्रांची बेरीज आहे, आणि बेरीज करताना एखाद्याच चित्रात दिसलेली गोष्ट काढून टाकली जाते. त्यामुळे पूर्वी एकदाच झळकलेलं काही तिथे सापडणार नाही. त्यासाठी सुटी चित्रंच पाहायला हवीत. दुसरं म्हणजे, रिकामी दिसणारी जागा कधी कधी झाकलेल्या पिक्सेलांची असते. सोबतची मास्क फाइल (कोणते पिक्सेल झाकलेत त्याची नोंद) उघडल्याशिवाय ‘स्रोत नाही’ म्हणू नये.

नवा बिंदू दिसला आणि जुन्यात नाही, म्हणजे आफ्टरग्लो (स्फोटानंतर मागे उरणारी, मंदावत जाणारी चमक) सापडला असं नाही. पहिला संशयित लघुग्रह: मायनर प्लॅनेट सेंटरच्या यादीत त्या क्षणाला, त्या वेधशाळेवरून तिथे कोण होतं ते पाहायचं. दुसरा, वेगाने सरकणारा तारा. गाया उपग्रहाच्या ताऱ्यांच्या सूचीतल्या जागा २०१६ च्या आहेत. १९५३ च्या प्लेटपर्यंत ६३ वर्षं मागे जायचं, तर वर्षाला ०.०५ विकला इतकी साधी निजगतीही (ताऱ्याची स्वतःची सरक) ३ विकलांहून जास्त भरते. तारा वर्तुळातून बाहेर जायला तेवढं पुरतं. तिसरा, आणि सर्वांत फसवा, तांबडा बटुतारा. निळ्या प्लेटवर जागा कोरी, आणि एखाद्या रात्री तो तारा भडकतो. अशा वेळी टूमास आणि वाइज या सर्वेक्षणांची अवरक्त चित्रं पाहायची. तिथे ठळक बिंदू असेल तर बहुधा तोच. यांतून सुटलेल्या बिंदूला शेवटची परीक्षा मंदावण्याची. आफ्टरग्लो साधारणपणे वेळेच्या व्यस्त प्रमाणात उतरतो, म्हणजे पहिल्या तासापासून दहाव्या तासापर्यंत २.५ प्रती.

आता खोली मोजणं. सीसीडी चित्रात वर्तुळाभोवतीच्या दोनशेक कोऱ्या जागी तेवढ्याच आकाराची मोजणी-वर्तुळं टाकायची, मिळालेल्या आकड्यांचं प्रमाण विचलन काढायचं, त्याची तिप्पट घ्यायची आणि शेजारच्या ताऱ्यांवरून प्रतीत बदलायची. स्कॅन केलेल्या प्लेटवर ही रीत चालत नाही. तिथला पिक्सेल इमल्शन (प्लेटवरचा प्रकाशसंवेदी लेप) किती काळं झालं ते सांगतो. प्रकाश दुप्पट झाला म्हणून काळेपणा दुप्पट होत नाही. प्लेटसाठी आडमार्ग बरा: खोल सूचीतले तारे अर्ध्या-अर्ध्या प्रतीच्या गटांत घ्यायचे आणि कोणत्या गटात निम्मे तारे दिसेनासे होतात ते पाहायचं. ओबडधोबड वाटतं, पण हा आकडा मला जास्त विश्वासाचा वाटतो.

जुनं चित्र वजा करून आफ्टरग्लो मोजायचा असेल तर आधी दोन्हींतले ताऱ्यांचे ठिपके सारखे करावे लागतात. जास्त रेखीव चित्र पसरवायचं, उलट नाही. वजाबाकीत तारे काळ्या-पांढऱ्या जोडीने उरले तर जुळणी चुकली आहे. दोन्ही चित्रं सारख्याच खोलीची असतील तर गोंगाट १.४ पट होतो आणि जवळजवळ ०.४ प्रत हातची जाते, म्हणून जुनं चित्र नव्यापेक्षा खोल असलेलं बरं.

वर्तुळाशेजारी दीर्घिका दिसली की मोह होतो. तिथे योगायोगाची शक्यता काढायची: तेवढ्या किंवा त्याहून तेजस्वी दीर्घिकांची दर चौरस विकलेमागची संख्या, गुणिले अंतराच्या त्रिज्येचं क्षेत्रफळ. २४ व्या प्रतीची दीर्घिका २ विकलांवर असली तरी शक्यता ६ टक्के निघते. २० व्या प्रतीची तेवढ्याच अंतरावर असेल तर ०.३ टक्का. ११ डिसेंबर २०२१ च्या स्फोटात साडेएकोणिसाव्या प्रतीची दीर्घिका साडेपाच विकलांवर होती, शक्यता दीड टक्क्याच्या आत. जुन्या सर्वेक्षणांत ती आधीपासूनच होती. तिची ताम्रसृती (अंतराचं माप) ०.०७६ मानली गेली, आणि पन्नासेक सेकंदांचा लांब स्फोट असूनही तिथे किलोनोव्हाची (न्यूट्रॉन ताऱ्यांच्या टकरीनंतरची झळाळी, एरवी लहान स्फोटांशी जोडली जाणारी) खूण मिळाली. दीड टक्का हा आकडा मात्र मी विसरू इच्छित नाही; असे शंभर निर्णय घेतले तर एखाद-दोन चुकणारच.

आकाशगंगेच्या पट्ट्याजवळ खोलीचा आकडा आणखी कापावा लागतो. ९ ऑक्टोबर २०२२ चा अतितेजस्वी स्फोट पट्ट्यापासून जेमतेम ४ अंशांवर होता. तिथली धूळ तांबड्यात तीनेक प्रती खाते, म्हणजे पॅन-स्टार्सचे २३.२ प्रत्यक्षात २० च्या आसपास येतात.

या सगळ्यात १९२८ ची हार्वर्डची प्लेट राहून राहून आठवते. १९ नोव्हेंबर १९७८ च्या स्फोटाच्या जागी त्या प्लेटवर एक ठिपका असल्याचं ब्रॅडली शेफर यांनी १९८१ मध्ये प्रसिद्ध केलं. स्फोट आपल्याच आकाशगंगेतल्या न्यूट्रॉन ताऱ्यांवर पुन्हा पुन्हा होतात, असं तेव्हा अनेकांना वाटे, त्यामुळे शोध सयुक्तिक होता. पुढे तो ठिपका म्हणजे प्लेटचाच दोष असावा अशी शंका घेतली गेली. अडचण खरी आहे: क्षणभराची झळक आणि इमल्शनमधला डाग, दोन्ही शेजारच्या ताऱ्यांपेक्षा रेखीव दिसतात, आकारावरून निवाडा होत नाही. पालोमारच्या पहिल्या थरात तांबडी आणि निळी प्लेट एकाच रात्री लागोपाठ घेतली, म्हणून टिकून राहणारा स्रोत दोन्हींवर यायला हवा. मिनिटभराच्या झळकेला मात्र तोही पुरावा मिळत नाही.

१७ ऑगस्ट २०१७ चा स्फोट ज्या दीर्घिकेत झाला ती एनजीसी ४९९३. हबलने तिचं चित्र त्याच वर्षी २८ एप्रिलला घेतलेलं होतं, चार महिनेही झाले नव्हते. स्फोटाच्या जागी त्यात काही नाही. पण ते चित्र इतकं खोल आहे की तिथे एखादा तेजस्वी तारकागुच्छ असता तर दिसला असता.