क्यूच्या आराखड्यात धातूच्या रिंगा

स्वतःच्या पसंतीचा पूल क्यू, म्हणजे बिलियर्ड्‌ससारख्या पूल या खेळाची काठी, बनवून घेणारा माणूस बोलायला लागतो तो बहुधा लाकडापासून. बर्ड्‌स आय मेपल घ्यायचे की एबनी, मुठीला आयरिश लिनन गुंडाळायचे की चामडे, हे सगळे ठरून गेल्यावर शेवटी कधीतरी रिंगांचा विषय निघतो आणि 'जॉइंटपाशी थोडी चांदी टाका' एवढ्यावर तो मिटतो. माझ्या मते हा क्रम उलटा असायला हवा, कारण धातूच्या रिंगा कुठे, किती आणि किती जाडीच्या हे ठरल्याशिवाय क्यूचा तोल आणि नक्षीची विभागणी नीट मांडताच येत नाही.

रिंगांच्या जागा ठरलेल्या आहेत: शाफ्ट (पुढचा निमुळता भाग) आणि बट (मागचा जाड भाग) जिथे जोडले जातात त्या जॉइंटच्या दोन्ही अंगांना, मुठीच्या वेष्टनाच्या वर आणि खाली, आणि शेवटी बट कॅपच्या, म्हणजे मागच्या टोकावरच्या टोपीच्या, लगत. या सगळ्या जागी एक भाग संपून दुसरा सुरू होतो, आणि धातूची रेघ शोभते ती अशाच सीमेवर. सलग लाकडाच्या मध्येच ओढलेली चांदीची रेघ मला नेहमी उपरी वाटते.

धातूंत सर्वाधिक वापर जर्मन सिल्व्हरचा होतो. नावात चांदी असली तरी हा तांबे, निकेल आणि जस्त यांचा मिश्रधातू आहे. तो चांदीपेक्षा कठीण, स्वस्त आणि काळा पडण्याच्या बाबतीत बराच सोशिक असतो. स्टर्लिंग चांदीत ९२.५ टक्के चांदी असते आणि तिचा पांढरेपणा एबनीच्या काळ्या पार्श्वभूमीवर जसा उठतो तसा जर्मन सिल्व्हरचा उठत नाही, हे मान्यच करायला हवे. पितळ कोकोबोलोसारख्या तांबूस लाकडाशी छान जमते. मेपलच्या फिकट पिवळसर रंगावर मात्र ते मंद दिसते. ॲल्युमिनियम हलके असले तरी त्याची राखाडी छटा मला तरी आवडत नाही.

आता तोलाकडे येऊ, कारण याबद्दल गैरसमज फार आहेत. ५८ इंची, १९ औंसांच्या, म्हणजे सुमारे ५४० ग्रॅम वजनाच्या क्यूचा तोलबिंदू मागच्या टोकापासून साडेअठरा इंचांच्या आसपास असतो असे धरा. जॉइंट त्याच टोकापासून २९ इंचांवर, म्हणजे तोलबिंदूपासून साडेदहा इंच पुढे येतो, तर बट कॅपची रिंग तोलबिंदूपासून जवळपास १७ इंच मागे असते. जॉइंटपाशी बाहेरचा व्यास साडेएकवीस मिलिमीटर आणि आतले भोक ८ मिलिमीटर असलेली, अर्धा मिलिमीटर जाडीची चांदीची रिंग साधारण १.६ ग्रॅम भरते. तेवढ्याच जाडीची बट कॅपजवळची रिंग व्यास मोठा असल्यामुळे, आतून जाणारे कुसू जाड असूनही, अडीच ग्रॅमच्या आसपास जाते. वजन दीडपट आणि अंतरही दीडपटीहून अधिक, म्हणून मागची एक रिंग पुढच्या रिंगेच्या जवळजवळ अडीच पट परिणाम करते, आणि तोही उलट दिशेने. जॉइंटपाशी एकूण १० ग्रॅम धातू घातला तर तोलबिंदू जेमतेम ५ मिलिमीटर पुढे सरकतो. तेवढाच धातू बट कॅपपाशी घातला तर तो ८ मिलिमीटर मागे जातो. तेव्हा 'जॉइंटला चांदी घातली की क्यू पुढे जड होतो' ही तक्रार ऐकली की आधी मागच्या रिंगा मोजाव्यात.

साध्या रेघेपेक्षा तुटक टाक्यांसारखी नक्षी अधिक कौशल्य मागते. एबनीच्या किंवा फिनॉलिक या कडक प्लास्टिकच्या नळीवर विभाजक चकतीच्या साहाय्याने समान अंतरावर लांबीच्या दिशेने खाचा पाडतात, त्यांत चांदीच्या पट्ट्या चिकटवतात आणि मग मुळ्याच्या चकत्या काढाव्यात तशा त्या नळीच्या रिंगा काढतात. इथे टाक्यांची संख्या महत्त्वाची ठरते. फोअरआर्मवर, म्हणजे जॉइंट आणि मूठ यांच्यामधल्या भागावर, चार टोकदार नक्षीपाती असतील आणि रिंगेत १८ टाके असतील, तर दोन पातींच्या रेषेत चांदी येते आणि उरलेल्या दोन पातींच्या रेषेत मोकळी जागा. पाहणाऱ्याला कारण सांगता आले नाही तरी काहीतरी बिनसल्याचे जाणवते. संख्या १२, १६ किंवा २४ अशी चारने भाग जाणारी असली की हा घोळ होत नाही.

शाफ्टच्या कॉलरवरही (जॉइंटकडच्या टोकावरच्या कड्यावरही) तीच नक्षी हवी असेल, तर शाफ्ट पूर्ण आवळल्यावर दोन्हीकडचे टाके समोरासमोर यायला हवेत. जॉइंटमधल्या, इंचाला १० आटे असलेल्या पिनवर (जोडणीच्या स्क्रूवर) एका फेऱ्यात शाफ्ट २.५४ मिलिमीटर पुढे जातो. १२ टाक्यांच्या रिंगेत दोन टाक्यांमधले अंतर ३० अंशांचे, म्हणजे शाफ्टच्या तोंडावरून जास्तीत जास्त ०.२ मिलिमीटर तासले की टाका टाक्यासमोर येतो. दोन शाफ्ट असतील तर हे काम दोनदा, आणि प्रत्येकाचे माप वेगळे.

धातू आणि लाकूड शेजारी बसवण्याच्या अडचणी वेगळ्याच. गुळगुळीत धातूला इपॉक्सी नीट धरत नाही, म्हणून रिंगेच्या दोन्ही बाजू खरखरीत करून ॲसिटोनने पुसून घ्याव्या लागतात. एखादी रिंग सुटी राहिली तर फटक्यागणिक बारीक बझ ऐकू येतो आणि तो नेमका कुठून येतो हे शोधणे म्हणजे डोकेदुखी. लेथवर सँडपेपर लावला की धातू तापतो, साधे इपॉक्सी मऊ पडते, आणि धातूची काळी भुकटी मेपलच्या छिद्रांत शिरून शेजारचे लाकूड मळकट दिसू लागते. यासाठी शेजारचे लाकूड आधी पातळ सुपरग्लूने बंद करावे आणि शेवटचा काप धारदार हत्याराने घेऊन सँडपेपरचे काम कमीत कमी ठेवावे. नुसताच सँडपेपर लावत राहिले तर मऊ लाकूड आधी झिजते आणि रिंग वर उरते.

हवेतल्या ओलाव्याने लाकूड आडवे फुगते आणि आकसते, धातू मात्र आहे तिथेच राहतो. त्यामुळे कोरड्या हवेत नखाला रिंगेची कड जाणवणे हा दरवेळी कारागिराचा दोष नसतो. लाकूड वाळवण्यात आणि टप्प्याटप्प्याने तासून मध्ये विश्रांती देण्यात घाई केली असेल, तर मात्र तो नक्कीच त्याचा दोष.

क्यू बनवणारे नामवंत कारागीर जॉर्ज बालाबुष्का यांचे निधन १९७५ साली झाले, पण रिंगांची एक शैली आजही 'बुश्का रिंग' याच नावाने ओळखली जाते. त्यांच्यासारख्या जुन्या कारागिरांच्या क्यूंकडे पाहिले की संयम शिकायला मिळतो: सगळीकडे एकच नक्षी, तिची जाडी व्यासाच्या प्रमाणात, आणि बाकी क्यू लाकडाच्या हवाली. मला स्वतःला टाक्यांच्या रिंगेच्या दोन्ही बाजूंना अर्ध्या मिलिमीटरची एकेक अखंड रेघ पुरेशी वाटते. तिसरी रेघ आली की नजर लाकडापर्यंत पोहोचतच नाही.

चांदी काळी पडेल ही भीती मात्र बहुतेक वेळा अनाठायी असते, कारण वरचा पारदर्शक थर शाबूत आहे तोवर तिला हवा लागत नाही. तो थर सर्वांत आधी सुटतो तो रिंगेच्या कडेलाच, म्हणून क्यू हातात घेतल्यावर तिरप्या उजेडात ती कड आधी तपासावी.