तिसरा भागीदारही मागे फिरला

भागीदारीत विकत घेऊन भाड्याने द्यायचं म्हणून सहा महिने एका दुमजली घराच्या मागे लागलो होतो. आधीच्या मालकाने फेडलेलं कर्ज नोंदीत तसंच दिसत होतं, तो बोजा उतरवून घेण्यातच पाच आठवडे गेले. आणि आज करारावर सही करताना भागीदाराचं पेन ‘बाहेर पडायचं झाल्यास’ या कलमापाशी थांबलं. टोपण लावलं, काढलं, परत लावलं. म्हणाला, "हे आत्ताच कशाला लिहायचं? विश्वास आहे ना?"

अरे, विश्वास टिकावा म्हणूनच लिहायचं! घर काही शेअर नव्हे, की पैशांची गरज पडली आणि सकाळी थोडं विकून मोकळं झालं. त्याचा हिस्सा मी कोणत्या भावाने घ्यायचा? भाडेकरू नसेल त्या महिन्यांचा हप्ता कोणी भरायचा? कर्ज दोघांच्या नावावर, त्यामुळे एकाने हात वर केले की बँक पूर्ण रकमेसाठी दुसऱ्याच्या दारात. भाड्याचा हिशेब सगळेच मांडतात. छप्पर गळायला लागलं तर काय, हे मात्र कुणी काढत नाही.

माणूस चांगला आहे, म्हणून जास्तच लागलं. विक्रेत्याने शुक्रवारपर्यंत मुदत दिलीय. मसुदा समोर उघडून बसलोय.