संगणक विज्ञानाच्या कामाला जुंपताना

‘तुमचा संगणक नुसता चालू असतो तेव्हा त्याची ताकद वाया जाते, ती संशोधनाला द्या.’ या एका वाक्याला भुलून मी घरचा संगणक संशोधकांच्या आकडेमोडीला देण्याच्या भानगडीत पडलो. वाक्य खोटं नाही, पण ते 1999 सालचं आहे. त्या वर्षी 17 मे रोजी बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या लोकांनी ‘सेटी ॲट होम’ सुरू केलं. अरेसिबोच्या रेडिओ दुर्बिणीने टिपलेल्या नोंदींचे तुकडे घरोघरच्या संगणकांवर जायचे आणि स्क्रीनसेव्हर चालू झाला की त्यांत परग्रहावरचा संदेश शोधला जायचा. तेव्हाचे प्रोसेसर काम करत असोत वा नसोत, वीज जवळपास तेवढीच खायचे. त्यामुळे उरलीसुरली ताकद दान करणं खरोखरच फुकटात पडायचं.

आजचा प्रोसेसर काम नसलं की वेग उतरवतो, काही भाग बंदच करून टाकतो. मी भिंतीतल्या प्लगला वीज मोजणारं छोटं मीटर लावून पाहिलं. नुसता चालू असताना माझा डेस्कटॉप पंचेचाळीस वॅटच्या आसपास घ्यायचा, आणि सगळे कोअर (प्रोसेसरमधले स्वतंत्रपणे आकडेमोड करणारे भाग) कामाला लावले की एकशे तीसच्या घरात जायचा. म्हणजे पंच्याऐंशी वॅट निव्वळ विज्ञानासाठी. दहा तास चालवलं तर जवळजवळ एक युनिट. आकडा छाती दडपणारा नाही, पण शून्यही नाही. आपण देतो ती रिकामी ताकद नव्हे, वीज देतो, हे एकदा मान्य केलं की किती द्यायची आणि कुणाला, हा विचार आपोआप सुरू होतो. बहुतेक लोक तो विचार पंखा कोकलायला लागल्यावर करतात.

‘कुणाला’ या प्रश्नावर माझा सगळ्यात जास्त वेळ गेला. सेटीचा पर्याय नव्हताच. 31 मार्च 2020 रोजी त्यांनी नवं काम पाठवणं थांबवलं, कारण हवी तेवढी आकडेमोड गोळा झाली होती आणि आता बसून तिचा अर्थ लावायचा होता. पण त्या प्रकल्पाच्या पोटातून आलेलं ‘बॉइंक’ हे सॉफ्टवेअर मागे राहिलं. डेव्हिड अँडरसन यांच्या गटाने ते बांधलं, ते मुक्त स्रोत आहे, आणि आज असे बरेच प्रकल्प त्याच्यावरच चालतात. एक बॉइंक बसवलं की त्यात हवे ते प्रकल्प जोडता येतात.

प्रकल्पांची यादी पाहिली की सगळंच करावंसं वाटतं. कॅन्सर आहे, हवामान आहे, कृष्णविवरं आहेत, मूळ संख्या आहेत. मी दोनच गोष्टी पाहिल्या. प्रकल्प चालवणाऱ्या गटाचे शोधनिबंध निघतात का, आणि त्यांचं काम माझ्या संगणकाच्या प्रकृतीला मानवतं का. पहिल्या चाळणीतूनच बरेच गळले. दुसरी चाळणी मात्र लोक लावत नाहीत, म्हणून तिच्याबद्दल जरा सविस्तर लिहितो.

‘फोल्डिंग ॲट होम’चं उदाहरण घ्या. प्रथिनं घडी कशी घालतात, हलतात कशी, याचं सिम्युलेशन ते करतात. 2000 सालापासून चालू आहे, बॉइंकवर नाही, त्याचं स्वतःचं सॉफ्टवेअर आहे. 2020 च्या मार्चमध्ये करोनाच्या प्रथिनांचं काम निघालं तेव्हा इतके लोक धावून आले की त्या सगळ्यांची मिळून ताकद एक्झाफ्लॉपच्या पलीकडे गेली. सेकंदाला एकावर अठरा शून्यं इतकी आकडेमोड. तेव्हाच्या कुठल्याही एका महासंगणकाची एवढी पोच नव्हती. पण या कामाची मेख अशी की रेणूच्या हालचालीचा पुढचा तुकडा आधीचा तुकडा परत आल्याशिवाय सुरूच होऊ शकत नाही. म्हणून तिथे लवकर परत करणाऱ्याला जादा गुण असतात. दमदार ग्राफिक कार्ड असलेल्याने तिकडे जरूर जावं. माझ्यासारख्या रात्रीपुरता संगणक चालवणाऱ्याने गेलं तर पुढचा तुकडा आपल्यापायी ताटकळत बसतो.

ऑक्सफर्डहून सुरू झालेलं ‘क्लायमेट प्रेडिक्शन’ याच्या उलट टोकाला. हवामानाचं आख्खं प्रारूप तुमच्या संगणकावर चालतं. एकेक काम कित्येक दिवस पुरतं, आणि मुदतही तशीच लांबलचक असते. सर्न या युरोपातल्या कणभौतिकी प्रयोगशाळेच्या ‘एलएचसी ॲट होम’मधल्या काही कामांना व्हर्च्युअलबॉक्स (संगणकाच्या आत दुसरा आभासी संगणक चालवणारं सॉफ्टवेअर) लागतं आणि मेमरीही सढळ हाताने लागते. मर्सेन मूळ संख्या (2 चा घात घेऊन त्यातून 1 वजा केल्यावर मिळणाऱ्या) शोधणारं ‘गिंप्स’ 1996 पासून चालू आहे. त्यांना 2024 च्या ऑक्टोबरात सापडलेली संख्या 4 कोटी 10 लाख 24 हजार 320 अंकी आहे. ती मात्र घरच्या संगणकाला नाही, भाड्याने घेतलेल्या डेटा सेंटरमधल्या ग्राफिक कार्डांच्या ताफ्याला लागली. गणिताचा नाद असेल तर तिथली मजा वेगळीच, पण मला हातात काहीतरी आकाशातलं हवं होतं.

शेवटी ‘आईनस्टाईन ॲट होम’वर मन स्थिरावलं. 2005 साली सुरू झालेला हा प्रकल्प गुरुत्वीय लहरींच्या नोंदींमध्ये, रेडिओ दुर्बिणींच्या नोंदींमध्ये आणि फर्मी उपग्रहाने टिपलेल्या गॅमा किरणांमध्ये फिरते न्यूट्रॉन तारे, म्हणजे मोठ्या ताऱ्यांच्या स्फोटानंतर उरलेले अतिघन गाभे, शोधतो. हे काम घरोघरी वाटण्याजोगं का आहे, ते समजून घेण्यासारखं आहे. तारा सेकंदाला किती वेळा फिरतो ते माहीत नसतं, त्याची गती किती मंदावतेय ते माहीत नसतं, आकाशात नेमका कुठे आहे तेही धड माहीत नसतं. मग या तिन्हींची प्रत्येक जोडणी करून नोंदींवर ताडून पाहायची. अशा जोडण्या अब्जावधी, पण एकीचा दुसरीशी काही संबंध नाही. वाटल्या तितक्या वाटा. माहिती एकदा उतरवायची, आकडेमोड तासन्‌तास करायची, उत्तर पुन्हा छोटंसंच पाठवायचं. आकडेमोडीच्या मानाने इंटरनेटवरचा भार कमी. 2010 च्या ऑगस्टमध्ये त्यांचा पहिला शोध जाहीर झाला. सेकंदाला जवळपास 41 गिरक्या घेणारा जे2007+2722 हा पल्सार (ठरावीक लयीत स्पंदनं पाठवणारा फिरता न्यूट्रॉन तारा) अमेरिकेतल्या आयोवामधल्या एका जोडप्याच्या आणि जर्मनीतल्या एका माणसाच्या संगणकांनी मिळून पकडला होता. ‘मिळून’ का, ते पुढे येईलच.

बसवण्यात सांगण्यासारखं काही नाही. उतरवा, चालू करा, यादीतून प्रकल्प निवडा, ईमेल आणि पासवर्ड द्या. एवढंच की दोन-तीन प्रकल्पांत खाती काढणार असाल तर सगळीकडे ईमेल एकच ठेवा, म्हणजे पुढे हिशोब एकत्र दिसतो. आणि संगणक स्वतःचा असावा. कार्यालयातल्या यंत्रावर परवानगीवाचून असलं काही बसवणं म्हणजे नोकरीशी खेळ.

खरी कसरत सेटिंगमध्ये आहे. बॉइंकमध्ये आवर घालायच्या दोन वेगळ्या दोऱ्या आहेत आणि दोन्ही टक्क्यांतच लिहिलेल्या असल्यामुळे गल्लत होते. एक दोरी म्हणते, एकूण कोअरपैकी इतके टक्के वापर. दुसरी म्हणते, प्रोसेसरचा इतके टक्के वेळ वापर. दुसरी साठवर ठेवली तर वाटतं, प्रोसेसर साठ टक्के जोराने निवांत चालेल. तसं होत नाही. बॉइंक कामाला थोडा वेळ पूर्ण जोरात पळवतं, मग थांबवतं, पुन्हा पळवतं. तापमानाचा आलेख करवतीच्या दात्यांसारखा दिसतो आणि पंखा सतत चढउतार करत राहतो. सलग घोंगावणारा पंखा कानाला सवयीचा होतो, असा दमेकरी पंखा होत नाही. म्हणून वेळेची दोरी पूर्ण शंभरवर सोडली आणि कोअरची पन्नासवर आणली. माझा प्रत्येक कोअर एका वेळी दोन कामं चालवतो, त्या वाटांना धागे म्हणतात आणि बॉइंक धागेच मोजतं. तेव्हा आठ धाग्यांपैकी चार कामाला, चार मला. मीटर पंच्याण्णव वॅटवर आलं, तापमान जवळपास पंधरा अंशांनी उतरलं, आणि गंमत म्हणजे काम निम्म्यावर आलं नाही, त्याहून बरंच जास्त निघायला लागलं. दोन धागे एकाच कोअरच्या वाट्याला आले की एकमेकांच्या पायात येतात, तो धक्काबुक्कीचा भाग गेला.

उरलेल्यांपैकी तीन सेटिंगं महत्त्वाची. संगणक वापरात असताना थांबायचं की नाही, हा ज्याचा त्याचा प्रश्न. प्रोसेसरवरचं काम मी चालू ठेवतो, लिहिताना-वाचताना जाणवतही नाही. ग्राफिक कार्डाचं मात्र लगेच जाणवतं, पडदा अडखळायला लागतो. दुसरं, थांबवलेलं काम मेमरीत राहू द्या, नाहीतर प्रत्येक थांब्याला ते आधीच्या जतन केलेल्या टप्प्यावर जाऊन पुन्हा सुरू होतं आणि मधली आकडेमोड पाण्यात. तिसरं, लॅपटॉप बॅटरीवर असताना काम बंदच ठेवा. माझं म्हणाल तर लॅपटॉप या कामाला लावूच नये. त्याची चण थोडा वेळ पळण्याची असते, रात्रभर भट्टीसारखं तापण्याची नव्हे.

आणि एक. ही सेटिंगं प्रकल्पाच्या खात्यातही असतात आणि तुमच्या संगणकावरच्या बॉइंकमध्येही. दोन्हीकडे असतील तर संगणकावरची चालतात. खात्यात बदल करूनही काही घडत नाही म्हणून हैराण होणारे बहुधा इथेच अडकलेले असतात.

पहिलं काम पूर्ण होऊन गेलं तेव्हा मी त्याचं पान उघडून बसलो. माझ्या नावापुढे ‘पूर्ण, पडताळणी बाकी’. खाली दुसरा एक संगणक, त्याच्यापुढे ‘चालू आहे’. म्हणजे नेमका हाच तुकडा आणखी कुणालातरी दिला होता. बॉइंकवरच्या बऱ्याच प्रकल्पांत ही पद्धतच आहे. घरचा संगणक चुकतो, कुणी वेग वाढवण्याच्या नादात प्रोसेसर अस्थिर करून ठेवतो, एखादा मुद्दाम खोटं उत्तरही पाठवू शकतो. म्हणून एक काम निदान दोघांना द्यायचं, आणि उत्तरं जुळली तरच स्वीकारायचं. या दुसऱ्या माणसाला इंग्रजीत लढाऊ विमानांच्या भाषेतून आणलेलं ‘विंगमन’ म्हणतात. तो कोण, कुठला, पत्ता नाही. त्याच्यावर लिनक्स आणि माझ्यावर विंडोज एवढंच दिसत होतं. दोन वेगवेगळ्या प्रोसेसरांवर दशांशाच्या शेवटच्या स्थानांत बारीक फरक पडतात, त्यामुळे तंतोतंत नाही, ठरलेल्या मर्यादेत जुळतं का ते पाहतात. त्या गड्याची मुदत संपली तरी त्याने काही पाठवलं नाही. त्याच्यापुढे ‘वेळेत उत्तर नाही’ आलं आणि तिसऱ्या संगणकाची ओळ उगवली. त्याने तडकाफडकी करून दिलं, उत्तर जुळलं, आणि माझ्या ओळीवर ‘वैध’ उमटलं. आयोवा आणि जर्मनीचं ‘मिळून’ हेच. दोघांनीही एकच तुकडा स्वतंत्रपणे सोडवला होता.

ते पान पाहिल्यावर मुदतीकडे बघायची माझी नजर बदलली. मुदत चुकली म्हणून तुम्हाला कुणी काही बोलत नाही, पण तुमच्यामुळे दुसऱ्याचं केलेलं काम टांगून राहतं आणि तिसऱ्याची वीज नव्याने खर्च होते. घेतला वसा टाकू नये म्हणतात, ते इथे शब्दशः लागू आहे. बॉइंकला ‘इतक्या दिवसांचं काम जवळ साठव’ असं सांगता येतं. आरंभशूर मंडळी तिथे दहा दिवस टाकतात. मी साठा एका दिवसाच्याही खाली ठेवला. इंटरनेट रोज असतं, काम संपलं की बॉइंक स्वतःहून मागतं, मग घर भरून ठेवायचं कशाला?

गुणांबद्दल थोडक्यात. प्रत्येक वैध कामाला गुण मिळतात, सेटीच्या जेफ कॉब यांच्या नावावरून त्यांना ‘कॉबलस्टोन’ म्हणतात. मूळ हिशोब असा की सेकंदाला एक अब्ज आकडेमोडी करणाऱ्या संगणकाला दिवसभराचे दोनशे. प्रत्यक्षात एकाच कामाला वेगवेगळे प्रकल्प कमीजास्त गुण देतात, त्यामुळे प्रकल्पा-प्रकल्पांतली तुलना फोल आहे. तरी लोक गुणांपायी प्रकल्प बदलतात. त्यांच्या हौसेमुळे आकडेमोड होतेच की, म्हणून मी नाक मुरडत नाही. पण आठ ग्राफिक कार्डांवाल्याशी आपली शर्यत लावून घेण्यात हशील नाही.

थांबायचं असेल तेव्हा बॉइंक उडवून टाकू नका. प्रकल्पावर जाऊन ‘नवं काम नको’ निवडा, हातातलं संपू द्या, पाठवलं गेल्याची खात्री करा आणि मग काढा. करायचंच नसेल तर काम रद्द करून टाका. रद्द केलेलं काम लगेच दुसऱ्याला जातं, सोडून दिलेलं मुदत संपेपर्यंत कुजतं. बाहेर जायच्या आधी मी हे न चुकता करतो.

‘माझ्याकडे जुना लॅपटॉप पडून आहे, तो लावू का?’ हे मला आता ओळखीचे लोक विचारतात. मी नको म्हणतो. जुन्या यंत्राला तेवढ्याच आकडेमोडीला नव्यापेक्षा कितीतरी जास्त वीज लागते, पंखे धुळीने भरलेले असतात, आणि चुकीचं उत्तर दिलं तर पडताळणीत ते बादच होणार. रोजच्या वापरातला, धड चालणारा संगणक असेल तर त्याचे दोन कोअर द्या. तेही नको असेल तर देऊ नका.